जराही लागत नाही

चपलांच्या दुकानात "म्याडम, नंबर कोणता?" असं कुणी विचारलं की मी आधी पाय मागे घेते. हसायचं असेल तर खुशाल हसा. पन्नाशी उलटलेली बाई, साठ पोरांचा वर्ग नुसत्या डोळ्यांनी गप्प करणारी, आणि सहा नंबरची चप्पल मागायला घाबरते! पण तुम्ही आमच्या वणीचे सुखदेवभाऊ पाहिले असते, तर तुम्हीही नंबर सांगण्याआधी दोनदा विचार केला असता.

सुखदेवभाऊंचं ड्रेपरीचं दुकान होतं. नाटकाचे, गॅदरिंगचे, मिरवणुकीतल्या झाँकीचे कपडे भाड्याने देणारं दुकान, त्याला आमच्याकडे ड्रेपरी म्हणतात. वणीत कोळशाच्या गाड्या दिवसभर पळतात, त्यामुळे धुतलेलं पांढरं काही दुपारपर्यंत पांढरं राहत नाही. भाऊ आणि वहिनी कायम कपडे झटकत, धूत आणि वाळवत असायचे. दुकानात शिरावं तर आतून आवाज यायचा, "अवो, संत भिजवले का? इन्स्पेक्टर पहा बरं वाळला का!" वहिनी मागच्या अंगणातून ओरडायच्या, "राजे राह्यले अजून, मले दोनच हात हाय!" नवीन माणूस दारातच थबकायचा.

भाऊ उंच, किडकिडीत, गळ्यात मोजायची फीत. मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, पायात जाड तपकिरी मोजे. मोज्यांवर रबरी चप्पल. मी एकदा विचारलं, "भाऊ, एवढ्या उन्हात मोजे?" तर म्हणाले, "सवय हाय." तुटक उत्तर दिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मीही मनात म्हटलं, असेल बापा सवय.

आणि माणूस भित्रा. भित्रा म्हणजे किती? कुणी जिन्यावरून भरभर उतरलं तरी यांच्या तोंडून "अरे अरे अरे" निघायचं. शाळेत कुणी स्टुलावर चढून तोरण बांधत असेल तर हे खाली दोन्ही हात पसरून उभे. त्यांच्याजवळ तासभर बसलं की आपल्यालाही उगाच धडधडायला लागायचं.

मी बदली होऊन या शाळेत नवी आले तेव्हा गॅदरिंगचं काम माझ्या गळ्यात पडलं. नवी बाई दिसली की जुन्या मंडळींना कंबरदुखी आठवते. नववीच्या आठ मुलींचा फौजी नाच होता आणि त्यांना गुडघ्यापर्यंतचे काळे बूट हवे होते. मी हुशारी केली. मुलींना नंबर विचारले आणि मोबाइलवरून आठ जोड मागवले. खोकी आली. पाच नंबरच्या तीन खोक्यांतले बूट तीन मापांचे! एकीची टाच वर लटकत होती, दुसरीचा पाय घोट्याच्या पुढे जाईना. मी खोकी रिक्षात टाकली आणि भाऊंचं दुकान गाठलं.

भाऊंनी एक बूट उचलला, तळ पाहिला. "कोणं सांगतले नंबर?"

"मुलींनी."

"मुलींले कोणं सांगतले?"

"अहो, दुकानदाराने सांगितले असतील."

"अन् दुकानदाराले?"

"खोक्यावर लिहिलेलं असतं ना, भाऊ!" मी वैतागले.

"खोक्याले पाय राह्यते का, म्याडम?"

त्यांनी फर्मान काढलं, "आता नाही. चार वाजता आणा पोट्ट्यायले. अन् येताना ग्राउंडाले दोन चकरा माराले लावा. सकाळचा पाय खोटा राह्यते. नाचून नाचून जो फुगते, तो खरा."

चार वाजता त्यांनी एकेकीला जुन्या पेपरवर उभं केलं आणि पेन्सिल अगदी सरळ धरून दोन्ही पाय वेगवेगळे काढले. मग बुटात कोपरापर्यंत हात घातला, डोळे मिटले आणि आतून बोटं फिरवत राहिले. एक बूट डावीकडे ठेवला, एक उजवीकडे. तासाभरात त्यांनी सगळे जोड मोडले. या खोक्यातला डावा, त्या खोक्यातला उजवा, असे नवे जोड लावले. सात मुलींना बूट बसले. आठव्या मुलीला त्यांनी स्वतःच्या फळीवरचा जुना जोड काढून दिला.

त्या फळीवरच्या एकाही बुटावर नंबर नव्हता. भाऊंनी ब्लेडने खरवडून टाकले होते. त्याऐवजी चिठ्ठ्या डकवलेल्या: "पोस्टातले साहेब, लांब." "सरपंच, अंगठा फुगीर." "बँकेतली बाई, टाच बारीक." ज्याच्या पायाला बूट नीट बसला त्याचं नाव त्या बुटाला. पुढच्या वर्षी एका बुटावर मला "नवी म्याडम, रुंद" दिसलं. मला असा राग आला! पण बूट घालून पाहिला, तर नेमका बसला.

बूट द्यायच्या आधी त्यांचं एक शास्त्र होतं. बूट उलटा करून तीनदा आपटायचा. आमच्याकडे विंचू काही कमी नाहीत, आणि एकदा एका बुटातून निघालाही होता. मग पोरीने बूट घालून दुकानाच्या तीन दगडी पायऱ्या डोळे मिटून उतरायच्या. "पाहून उतरली तर डोळे उतरते," भाऊ म्हणायचे, "मले पाय उतरलेला पाह्यजे." आणि ती उतरत असताना खाली हात पसरून स्वतः उभे, कपाळावर घाम, ओठ पुटपुटताहेत. आठही मुली उतरल्या तेव्हा ते पायरीवर मटकन बसले आणि तांब्याभर पाणी प्यायले.

उतरल्यावर प्रश्न विचारायचे, "कुठं लागते?" कधीच "लागते का?" म्हणत नसत. मी कारण विचारलं. "लागते का म्हटलं की पोट्टी नाही म्हणते. तिले नाचाची घाई. कुठं म्हटलं की इचार करते अन् बोट दाखवते." पंधरा वर्षं शिकवून मला जे कळलं नव्हतं ते या माणसाला बुटांनी शिकवलं होतं. मी वर्गात तेव्हापासून "समजलं का?" विचारणं सोडलं, "कुठे अडलं?" विचारते.

एवढी भीती कुठून आली ते मला वहिनींनी सांगितलं. फार जुनी गोष्ट. एका गावच्या मंडळाचं नाटक होतं, दुपारची तालीम होती. राजाचं काम करणाऱ्या गड्याला बूट मोठे होत होते. भाऊ तेव्हा तरणेताठे, घाईत म्हणाले, "चालते. पुढं कागद कोंब." तो गडी तोऱ्यात स्टेजवरून उतरायला गेला. बूट वरच्या पायरीवर राहिला आणि माणूस खाली गेला. खुबा मोडला. पुढे तो जन्मभर वाकडा चालला आणि दर सोमवारी, बाजाराच्या दिवशी, भाऊंच्या दुकानावरूनच जायचा. बिचारा चांगला माणूस, हात वर करून रामराम करायचा. भाऊ रामराम घ्यायचे आणि आत जाऊन कपड्यांमध्ये उभे राहायचे. ते तेव्हापासून "चालते" हा शब्द बोलले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या. मी लक्ष ठेवून पाहिलं. खरंच नाही बोलले.

आता असं वाटेल की दुकानात नुसतं भीतीचंच राज्य होतं. तसं नाही हो. घट्ट बूट सैल करायला भाऊ त्यात पिशवीत बांधून भिजलेले हरभरे भरायचे. हरभरा फुगतो, चामडं हळूच ताणलं जातं. एकदा एका इन्स्पेक्टरच्या बुटात हरभरे भरले आणि विसरले. तिसऱ्या दिवशी नाटकवाले आले, बूट काढला तर पिशवी फाडून बोटभर मोड वर आलेले! भाऊ शरमले. वहिनी अंगणातून म्हणाल्या, "राहू द्या, मोड चांगले आले. पुढच्या टायमाले मटकी लावू." नाटकवाले पोट धरून हसले. भाऊसुद्धा हसले, पण हसता हसताही बुटात हात घालून शिवण उसवली का ते चाचपत होते.

ज्या दिवसापासून मलाही भीती लागली तो दिवस मात्र वेगळा. पुन्हा गॅदरिंगचाच मोसम, दुकानात माझ्या सहा-सात मुली, पेपर अंथरलेले, मापं चाललेली. भाऊ इकडून तिकडे फिरत होते. एका मुलीने किंचाळून बोट दाखवलं. पेपरवर लाल ठसा. मग दुसरा. मग फरशीवर दारापर्यंत ओळीने ठसे.

"कोणाले लागलं?" भाऊंचा चेहरा पांढरा पडला. "कोणत्या पोट्टीले लागलं? बसा! समद्या खाली बसा!" ते गुडघ्यावर बसून एकेकीचे तळवे पाहू लागले. "तुले? तुले नाही? मंग तुले?" मुली घाबरून रडकुंडीला आल्या. सगळे पाय कोरडे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "म्याडम, तुमचा पाय दाखवा." मी पाय दाखवला आणि तेव्हाच मला दिसलं. भाऊ गुडघ्यावर बसले होते ना, त्यांचा उजवा तळवा मागे उलटा झाला होता. रबरी चपलेतून एक लांब चूक, जोडे शिवणारे वापरतात तसला खिळा, आरपार मोज्यात शिरला होता. मोजा ओलाचिंब झाला होता.

"भाऊ," मी म्हटलं, "तुमच्याच पायात आहे."

त्यांनी वळून पाहिलं. स्वतःचा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसे पाहत राहिले. ओरडले नाहीत, कण्हले नाहीत. मुलींना मी बाहेर काढलं. खिळा उपसताना माझ्याच तोंडून "आई गं" निघालं, त्यांच्या तोंडून काही नाही.

"कधीपासून असं?"

"शुगर हाय," ते म्हणाले. "तीनेक वर्षं झाले. आधी मुंग्या येत. मंग मुंग्याई गेल्या." आणि माझा हात घट्ट धरून, "म्याडम, हिले सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

मी चिडले. डॉक्टरकडे चला म्हटलं, आत्ताच्या आत्ता. तेव्हा त्यांनी सांगितलं, त्यांच्या मोठ्या भावाचं असंच झालं होतं. "बोटापासून सुरू झालं, अन् मांडीवर थांबलं. तीनदा कापलं त्याले. मी दवाखान्याच्या दारातच जात नाही, म्याडम. पाय पाह्यला का कापतेच." त्यांचे डोळे इतके घाबरलेले होते की मी हट्ट सोडला. मी एवढंच कबूल करून घेतलं की रोज झोपण्याआधी आरशात तळवे पाहायचे आणि मेडिकलमधून आणतात ती शुगरची गोळी चुकवायची नाही. ते हो म्हणाले. मी वहिनींना सांगितलं नाही. आज मला कुणी विचारलं की आयुष्यात काय चुकलं, तर हे पहिलं सांगेन.

दुसरं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगते. आमच्या शाळेला पन्नास वर्षं झाली. मोठी मिरवणूक काढायची ठरली. माझ्या डोक्यात कल्पना आली की मिरवणुकीच्या पुढे सेनापतीच्या वेशात सुखदेवभाऊंनी चालावं. अख्ख्या वणीला या माणसाने सजवलं, याला कधी कुणी सजवलं? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ आठवडाभर नाही नाही म्हणत होते. वहिनी मध्ये पडल्या, "अवो, चाला ना. मले एक डाव पाहू तर द्या तुमाले सेनापती." तेव्हा लाजत तयार झाले.

बूट मी नवे मागवले. लाल पट्टीचे, गुडघ्यापर्यंतचे, खोक्यावर नऊ नंबर. मिरवणुकीच्या सकाळी आले. बाहेर ढोल सुरू झालेले, मुख्याध्यापक दर दोन मिनिटांनी फोन करताहेत. भाऊ खुर्चीवर बसले आणि मी बूट पुढे धरले. आयुष्यभर दुसऱ्यांचे बूट उलटे करून आपटणारा माणूस त्या दिवशी नवरदेवासारखा बसून होता आणि मानाने समोर धरलेले बूट त्याने तसेच पायात घेतले. मलाही आठवलं नाही. उठले, तीन पायऱ्या डोळे मिटून उतरले, वळले आणि तोंडभर हसले.

"मस्त बसले, म्याडम. जराही लागत नाही!"

खिळा मी माझ्या हाताने उपसला होता. हे वाक्य ऐकताच मी ते बूट काढायला लावायला हवे होते. मी काय केलं? मी टाळी वाजवली आणि म्हटलं, "चला!"

तीन तास चालले ते. शाळेपासून बसस्टँड, तिथून बाजार, परत शाळा. छाती काढून, तलवार खांद्याला लावून. लोक नावाने हाका मारत होते, बायका गॅलरीतून फुलं टाकत होत्या. तो खुबा मोडलेला म्हातारा बाजाराच्या तोंडाशी उभा होता. त्याने हात वर केला आणि पहिल्यांदाच भाऊ कुठे आत पळाले नाहीत, थांबून त्याला सलाम ठोकला. म्हातारा हसला. भाऊंना इतकं आनंदात मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्या एका दिवसाचं सुख मी त्यांना दिलं, असं म्हणून मनाची समजूत घालायचा प्रयत्न मी पुष्कळ वेळा केला आहे.

घरी उजवा बूट निघेना. वहिनींनी ओढला, साबणाचं पाणी ओतलं, शेवटी कात्रीने कापला. पुढच्या टोकात कारखान्याने कोंबलेला कागदाचा कडक बोळा तसाच होता आणि त्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांची ती छोटी पुडी. तीन तास बोटं त्या बोळ्यावर रगडली गेली होती. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट सोलून निघालं होतं. कुणाला सांगायचं नाही म्हणून भाऊंनी वहिनींना शपथ घातली, हळद भरली आणि वर मोजा चढवला. सहा दिवस मोजा कुणाला काढू दिला नाही. सातव्या दिवशी दुकानात वास यायला लागला, तेव्हा वहिनींनी मला फोन केला आणि नुसत्या रडत राहिल्या.

वहिनींचा भाऊ बाभुळगावला, त्याच्या ओळखीने यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. मी सोबत गेले. मारेगाव गेलं, करंजी गेली. भाऊ दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरून बसले होते. कुणी तो ओढून नेईल म्हणून धरावा तसा.

त्या दिवसानंतर मी त्यांना पाहिलं नाही. तिथून त्यांना नागपूरला हलवलं आणि ते परत वणीला आले नाहीत. म्हणून ती दुपार मला जशीच्या तशी आठवते.

डॉक्टर तरुण होता, बोलायला मऊ. त्याने मला आणि वहिनींना दाराजवळ घेऊन सांगितलं, "उजवा वाचणार नाही. गुडघ्याखालून काढावा लागेल, नाहीतर माणूस जाईल. आता डावा कसा आहे ते बघतो. त्याच्यात जाणीव असेल तर पुढे त्याच्या भरवशावर उभे राहतील." भाऊंनी ऐकलं की नाही, ठाऊक नाही. पण डॉक्टर डाव्या पायाशी स्टूल ओढून बसला तेव्हा ते एकदम सावरून बसले. शर्टाची बटणं नीट केली. परीक्षेला आलेल्या पोरासारखे.

डॉक्टरच्या हातात पेनाएवढी दांडी होती आणि तिच्या टोकाला नायलॉनचा बारीक धागा. "काका, डोळे मिटा. हा धागा पायाला लागला की नुसतं 'हो' म्हणायचं."

भाऊंनी डोळे मिटले. अगदी घट्ट.

धागा अंगठ्याला टेकला. वाकला. भाऊ गप्प. तळव्याला टेकला. गप्प. टाचेला टेकला. वहिनींनी माझ्या दंडात नखं रुतवली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, म्हणा, भाऊ, म्हणा ना! डॉक्टरने दांडी टेबलावर ठेवली आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. खोलीत पेनाची करकर तेवढी ऐकू येत होती.

"हो," भाऊ म्हणाले.

डॉक्टरचा पेन थांबला.

"हो," भाऊ पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने. "अंगठ्याले. हो. आता टाचेले लागलं. बरोबर ना? हो."

डॉक्टरचे दोन्ही हात कागदावर होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला जमिनीकडे पाहावं लागलं. वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला.

"काका," तो फार हळू म्हणाला, "मी आत्ता धागा लावलेला नाही."

भाऊंनी डोळे उघडले नाहीत. त्यांचा डावा पाय पलंगाच्या कडेला तसाच पुढे धरलेला होता.

"लावा मंग," ते म्हणाले. "लावा ना, साहेब. मी सांगतो ना तुमाले."